अनसूयेचा श्वास

स्तनाच्या कॅन्सरवर किरणांचा उपचार घ्यायला आलेल्या बाईचा फोटो काढायचा झाला, की त्या काळी तो आधी अनसूयेचा काढला जाई.

कायदाच तसा होता. दवाखाना मुंबईचा असो की मिरजेचा, बाई टेबलावर आडवी झाली की यंत्र थोडा वेळ नुसतंच गुणगुणायचं. बाईला वाटायचं, यंत्र तापतंय. खरं म्हणजे तेवढ्यात यंत्राच्या आत अनसूया आडवी झालेली असे. तिनं श्वास भरून धरलेला असे, किरण तिच्याभोवती एक फेरा मारून गेलेले असत, आणि तिच्या काळजाला, फुफ्फुसांना, दुसऱ्या बाजूच्या निरोगी स्तनाला त्यातले किती लागले हे मोजून झालेलं असे. माप मर्यादेत बसलं, तर खऱ्या बाईचा फोटो. नाही बसलं, तर किरण थोडे मंद करून पुन्हा अनसूया.

अनसूया म्हणजे मापदेह. हाडामांसाची नव्हे, आकड्यांची बाई. एका खऱ्या बाईच्या शरीराचा कण न् कण मोजून संगणकात उभं केलेलं दुसरं शरीर. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तिचं चित्र होतं, करड्या रंगाचं, चेहऱ्याच्या जागी नुसती गोल रेघ. परीक्षेत तिच्यावर टीप यायची.

इचलकरंजीच्या सारिका ढवळेला मात्र ती कोण हे माहीत होतं. माहीत होतं आणि ती विसरलीही होती. घरातलं कुणी नेत्रदान करून जातं, म्हणून ते डोळे आज काय बघत असतील असा विचार रोज कुणी करत नाही, तसंच. अनसूया तिची आई. हाच आजार, हाच मिरजेचा दवाखाना. त्या वेळी डॉक्टरांनी विचारलं होतं, तुमच्या शरीराची मापं ठेवून घेऊ का, पुढच्या बायकांना उपयोग होईल. आई म्हणाली होती, घ्या की, माझं काय जातंय. पुढे तो आजार परत आला आणि आई गेली. मापं राहिली.

आता सारिका त्याच टेबलावर येत होती. डावी बाजू. ऑपरेशन होऊन जखम भरली होती आणि तीन आठवड्यांचे किरण चालू होते. रोज सकाळी इचलकरंजीहून मिरजेला यायचं, आडवं व्हायचं, परत जायचं. तिला वाईट वाटत नव्हतं. बरंही वाटत नव्हतं. ऑपरेशननंतर सगळंच थोडं लांबून ऐकू येत असल्यासारखं झालं होतं, शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा तसं. ती ब्लाउज शिवायची, गिऱ्हाइकांशी बोलायची, जेवायची. जेवताना मीठ कमी पडलं तर नवरा सांगायचा, मग तिला कळायचं.

एका सकाळी किरण घेऊन ती बाहेर आली, तेव्हा नाझनीन मुजावर दारात उभ्या होत्या. त्या दवाखान्याच्या भौतिकशास्त्रज्ञ. डॉक्टर किती किरण द्यायचे ते ठरवतात, आणि ते नेमके तेवढेच आणि तिथेच पडतात की नाही हे बघणं या मॅडमचं काम. बायका त्यांना मोजणाऱ्या मॅडम म्हणत. वयानं सारिकेहून लहान. त्यांनी तिला आपल्या खोलीत नेलं. टेबलावर भडंगाची पुडी अर्धी उघडी होती, ती त्यांनी घाईनं बाजूला सारली आणि मग काय वाटलं कोण जाणे, सारिकेपुढे केली.

काम असं होतं. मापदेह वापरायला जी परवानगी दिलेली असते, तिला मुदत असते. अनसूयेची मुदत या महिन्याअखेर संपत होती. पुढे चालू ठेवायचं तर वारसानं हो म्हणायला हवं, आणि वारस एकटी सारिका.

"नाही म्हटलं तर?" सारिकेनं विचारलं.

"तर बंद होईल. तुमचा हक्क आहे, ताई."

"आणि मग बायकांचे फोटो?"

मॅडमनी सांगितलं, अनसूयेच्या आधीचा एक मापदेह आहे, परदेशातला. उंच, भरल्या अंगाच्या बाईचा. नवा तयार होईपर्यंत तो वापरावा लागेल. नवा व्हायला काही वर्षं जातील.

सारिकेनं भडंगाचे चार दाणे तोंडात टाकले. मग म्हणाली, ती करते काय ते मला नीट सांगा. शाळेत होतं, पण तेव्हा कुणाचं लक्ष होतं?

नाझनीनना सांगायला आवडायचं. त्यांनी सावकाश सांगितलं. उपचाराचे किरण आजार मारतात, ते जोरदार असतात आणि नेम धरून सोडलेले असतात. पण नेम धरायचा तर बाई कालच्याच जागी पडली आहे का, हे रोज बघावं लागतं. थोडी कूस वळली, खांदा वर गेला, तरी नेम चुकतो. म्हणून उपचाराआधी रोज यंत्र तिच्याभोवती एक फेरा मारून फोटो काढतं. हा फिरता फोटोही किरणांचाच. मंद असतात ते, पण त्यांना नेम नसतो. जे बघायचं नाही तिथूनही ते जातात, काळजातून, दुसऱ्या स्तनातून. एका फोटोनं काही होत नाही. पण असे बरेच झाले की त्या निरोगी जागी पंधरा-वीस वर्षांनी नवा आजार धरण्याची शक्यता किंचित वाढते. नुसतं बघितलं तरी शरीराला काही ना काही लागतंच.

"मग किती लागलं ते मोजायचं मशीन नाही का?"

"काळजाच्या आत कसं ठेवणार? म्हणून गणितानं काढतो. समजा अंगणात तुम्ही रांगोळीचे चौकोन आखले आणि लांबून मूठभर बाजरी फेकली. एकेका चौकोनात किती दाणे पडले ते मोजलं की कुठे किती हे कळतं. आम्ही मापदेहावर असे कोट्यवधी किरण फेकतो, एकेक करून, आणि कुठला कुठे थांबला ते मोजतो."

"आणि ते दुसरीला लागू करता."

"तिच्या उंचीला, जाडीला जुळवून घेऊन."

"म्हणजे मापाचा ब्लाउज," सारिका म्हणाली.

मॅडमना कळलं नाही, तेव्हा तिनं सांगितलं. गिऱ्हाईक कपड्यासोबत स्वतःचा नीट बसणारा एक जुना ब्लाउज देतं. अंगाचं माप घेत बसायचं नाही, त्या ब्लाउजवरून कापायचं. कुठे टक्स जास्त, कुठे बाही ढिली, ते अंदाजानं बदलायचं. नाझनीन हसल्या आणि म्हणाल्या, तसंच. फक्त आधी आम्ही परक्या बाईचा ब्लाउज वापरत होतो. तेवढेच किरण लहान अंगाला जास्त लागतात. कुकरमध्ये मोठ्या बटाट्यांसोबत लहान बटाटे टाकले, तर शिट्ट्या तेवढ्याच होतात, पण लहान बटाटे आतपर्यंत मऊ होतात. आपल्याकडच्या बारीक चणीच्या बायकांना किती लागतंय हे वर्षानुवर्षं कमी धरलं गेलं. तुमच्या आई आल्या आणि ते सुधारलं.

"बघू का तिला?"

नाझनीननी पडदा तिच्याकडे वळवला.

चेहरा नव्हताच. करडी आकृती होती आणि तिच्याखाली एक हिरवी रेघ, वरखाली होणारी. तो श्वास. आधीचे मापदेह पुतळ्यासारखे स्तब्ध असत. पण डावीकडचा उपचार असला की बाईला श्वास भरून धरायला सांगतात. छाती फुगली की काळीज थोडं मागे सरकतं आणि किरणांच्या वाटेतून वाचतं. म्हणून श्वास घेणारा मापदेह हवा होता. त्यासाठी अनसूयेच्या शरीरासोबत तिच्या मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासाचं केंद्रही मोजून घेतलं होतं, अंगठ्याच्या पेराएवढं, आणि तिथपर्यंत येणारी कानाची वाट. ऐकायचं आणि श्वास धरायचा. बाकी काही नाही.

सारिका रेघेकडे बघत होती. वर चढण्याआधी रेघेला दर वेळी एक बारीक खळगा पडत होता.

"हे काय?"

"तो आवंढा आहे. श्वास घ्यायच्या आधी त्या आवंढा गिळायच्या. आम्ही काढला नाही तो, खऱ्या बाईचं काहीच काढायचं नाही असं ठरलं होतं."

आई आवंढा गिळायची. विहिरीत उडी मारायच्या आधी गिळावा तसा. डॉक्टर छातीला नळी लावून श्वास घ्या म्हणाले तरी आधी आवंढा. सारिकेला ते आठवलं. पण नुसतं आठवलं.

"तिला सांगतं कोण, श्वास घे म्हणून?"

नाझनीन म्हणाल्या, तुम्हीच.

मग त्यांनी ते ऐकवलं. खोलीत एका तरुण बाईचा आवाज आला, उंच, धारदार, जरा घाईतला. आई, श्वास घे. भरून घे. धर. धर हं.

सारिकेला तो आवाज ओळखायला वेळ लागला. आई यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. त्या खडखडाटात राहून राहून तिचे कान गेले होते. सारिका लहानपणी डबा घेऊन शेडमध्ये जायची, आणि मागांच्या गोंगाटावर चढवून हाक मारायचा एक आवाज तिनं कमावला होता. पुढे आईला जगातला तेवढा एकच आवाज नीट ऐकू यायचा. उपचाराच्या पहिल्या दिवशी दवाखान्यातला माणूस माइकवरून श्वास रोखा, श्वास रोखा म्हणत राहिला आणि आई नुसती छताकडे बघत राहिली. शेवटी त्यानं सारिकेलाच माइकपाशी बसवलं.

पडद्यावर आवंढ्याचा खळगा पडला, रेघ वर गेली आणि सपाट झाली. करड्या आकृतीभोवती एक ठिपका फेरा मारून गेला. फोटो झाला. रेघ सपाटच. मग ती थरथरायला लागली, मग जास्त, आणि एकदम कोसळली.

"सोड कोण म्हणतं?" सारिकेनं विचारलं.

"कुणी नाही. फोटो झाला की आमचं गणित संपतं. रेकॉर्डिंग तिथवरच ठेवलंय. नंतर दम संपला की शरीर आपोआप सोडतं."

मॅडमना कसं सांगायचं याचा सारिका विचार करत होती. आईच्या माहेरी हातमाग होता. ताण्याचं सूत गल्लीत लांबच्या लांब पसरलं की एक टोक धरून उभं राहायचं काम लहानग्या अनसूयेचं. पलीकडून बाप सोड म्हणेपर्यंत धरायचं. ऊन लागो, मुंग्या चावोत. आधी सुटलं तर सगळा ताणा गुंतायचा आणि दिवस वाया जायचा. ती सवय आईच्या अंगात मुरली होती. कुणी धर म्हटलं की ती सोड ऐकेपर्यंत धरायची, मग ते भाजीचं पातेलं असो की लग्नातला अंतरपाट. उपचाराच्या वेळीही तसंच. पहिल्या दिवशी फोटो झाल्यावर दवाखान्यातल्या माणसानं सोडा म्हटलं तरी तिनं सोडला नव्हता. सारिका सोड गं म्हणाली, तेव्हा सोडला. नंतर सगळे हसले होते, आईसुद्धा.

तिनं हे जमेल तसं सांगितलं. नाझनीननी ऐकून घेतलं.

"पण रोज इतकं झाल्यावर तिला सवय झाली असेल," सारिका म्हणाली. "सवय झाली की माणूस सोसतं."

सुरुवातीला तसं झालं होतं, नाझनीन म्हणाल्या. काही दिवस सलग चालवल्यावर अनसूया धर म्हणायच्या आधीच श्वास धरायला लागली. पण नवी आलेली बाई तसं करत नाही. ती घाबरलेली असते, अंग आखडून घेते. माप चुकायला लागलं. म्हणून आता प्रत्येक फोटोनंतर मापदेह मूळ स्थितीला आणतात.

"मूळ म्हणजे?"

"पहिल्या दिवसाला."

"म्हणजे तिचा रोज पहिलाच दिवस."

"दर फोटोला, ताई."

यंत्राचा पंखा चालू होता. सारिकेनं विचारलं, तिला कळतं का काही. नाझनीन म्हणाल्या, नाही, विचार करणारा मेंदू घेतलेलाच नाही. दुखणं नाही, आठवण नाही. फक्त तुमचा आवाज ऐकणं आणि श्वास धरणं, एवढंच.

"आईनं शेवटचे आठ दिवस तेवढंच केलं," सारिका म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

घरी तिनं संदीपला सांगितलं. संदीप तिचा नवरा, सुताच्या दुकानात कामाला, बोलायला मोकळा. तो म्हणाला, अगं आकडे आहेत ते, आकड्यांना कसला दम लागतोय? आणि मग जेवता जेवता म्हणाला, "तुझी आई जिवंतपणी कुणाच्या बापाचं ऐकत नव्हती. आता बरी तुझं ऐकते."

सारिका हसली. हसू कुठून आलं ते तिला कळलं नाही. ताट उचलताना संदीप हळूच म्हणाला, बंद करायचं तर कर, मी आहे. पण घाई करू नकोस.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कोमल भेटली. जत तालुक्यातली, तिशीची, पाखरासारखी बारीक. तिचा किरणांचा पहिलाच दिवस होता. सारिका ब्लाउज शिवते हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. ऑपरेशनच्या बाजूला आतून कापसाची गादी घालून ब्लाउज शिवून मिळेल का, असं तिनं लाजत विचारलं. मापाला म्हणून तिनं जावेचा ब्लाउज आणला होता. स्वतःचे आता एकही बसत नव्हते.

"जावेचा कसा चालेल? ती केवढी?"

"माझ्या दोन होतील तिच्यात. मी काट्यावर उभी राहिले की काटा विचारतो, कोण आलंय का?"

सारिकेनं पर्समधून टेप काढली आणि बायकांच्या बाकावरच तिचं माप घेतलं. छातीचा घेर टेपवर आला तेव्हा तिचा अंगठा तिथेच थांबला. आईचा शेवटचा ब्लाउज याच मापाचा होता.

ओंकारनं, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मुलानं, कोमलला हाक मारली. जाड दार लागलं. भिंतीपलीकडून गुणगुण सुरू झाली. सारिकेनं ती रोज टेबलावर पडून ऐकली होती, बाहेर बसून कधी ऐकली नव्हती. गुणगुण थांबली. पुन्हा सुरू झाली. पुन्हा थांबली. लहान अंग, म्हणजे किरण आणखी मंद करून बघायचे. पुन्हा. शेजारची बाई वैतागून म्हणाली, काय बाई, या पोरीला किती वेळ लावतायत. सारिका भिंतीकडे बघत बसली. प्रत्येक गुणगुणीला पलीकडे कुणीतरी आवंढा गिळत होतं, धरत होतं, आणि दम संपेपर्यंत सोड या शब्दाची वाट बघत होतं. आणि प्रत्येक वेळी कोमलच्या काळजाला लागायचं थोडं कमी होत होतं. दोन्ही एकाच आवाजात होत होतं.

कोमल बाहेर आली आणि म्हणाली, काही कळलंसुद्धा नाही हो.

सारिकेनं आपले किरण घेतले आणि सरळ नाझनीनच्या खोलीत गेली. चालू ठेवा, म्हणाली. फक्त शेवटी सोड घाला. मी म्हणून देते.

नाझनीननी विचार केला. फोटो झाल्यानंतर काय होतं याचा मापाशी संबंध नव्हता, त्यामुळे परवानगी मिळायला अडचण नव्हती. त्यांनी माइक पुढे ठेवला. सारिकेनं घसा साफ केला आणि म्हटलं, सोड गं आई.

मग चाचणी घेतली. जुना आवाज म्हणाला, धर. धर हं. खळगा, चढ, सपाटी. ठिपका फेरा मारून गेला. सारिकेचा आत्ताचा आवाज आला, सोड गं आई. रेघ सपाटच राहिली. मग थरथरली, मग कोसळली.

सारिकेनं पुन्हा म्हटलं, जोरात. पुन्हा चाचणी. रेघ हलली नाही. तिसऱ्या वेळी तिनं डोळे मिटून शेडमधला तो चढा आवाज काढायचा प्रयत्न केला, पण औषधांनी घसा कोरडा पडला होता आणि आवाज वर जाऊन फाटला.

"आवाज बदललाय तुमचा," नाझनीन म्हणाल्या. "वयानं, औषधांनी. त्या केंद्राला जुन्या आवाजाची जी पट्टी ठाऊक आहे, तीच ते ओळखतं. तुम्ही ओळखीच्या नाही असं नाही, ताई. आवाज जुळत नाहीये, एवढंच."

"तिच्यासाठी मी अजून तेवढीच आहे."

"हो."

मग नाझनीननी एक उपाय सांगितला. तुमच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून यंत्र तुमचा तेव्हाचा आवाज तयार करू शकतं. पाहिजे तो शब्द त्याच्याकडून वदवून घेता येतो. फार वेळ लागत नाही.

खरंच लागला नाही. खोलीत तो तरुण, घाईतला आवाज आला. सोड गं आई. सारिकेनं तो शब्द तेव्हा हजारदा म्हटला असेल, पण हा त्यातला नव्हता. हा कुणीच कधी म्हटला नव्हता.

चाचणी लागली. खळगा, चढ, सपाटी, फेरा. सोड गं आई. आणि रेघ हलकेच खाली उतरली, थरथर न होता, पाण्यात सोडलेल्या कापडासारखी.

नाझनीननी सारिकेकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं, ती रडेल. सारिका रेघेकडे बघत म्हणाली, बरं झालं. तिनं काचेवर अंगठा टेकवला, पडद्यावर संमती नोंदली गेल्याची अक्षरं आली.

"आता पुढची मुदत कधी? तेव्हा कुणाला विचाराल? माझा मुलगा पुण्याला असतो."

"आता मुदत नाही, ताई. शरीरासोबत आवाजही वारसानंच दिला की परवानगी कायमची होते, पुन्हा विचारायचं कारण राहत नाही. आता तुमच्याशिवाय चालेल ते."

सारिकेनं मान हलवली. पुडीत भडंग उरला होता. ती नको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी टेबलावर आडवी झाली. ओंकारनं लेसरच्या लाल रेघा तिच्या अंगावरच्या ठिपक्यांशी जुळवल्या, खांदा किंचित सरकवला आणि बाहेर जाऊन जाड दार लावलं. छताला एक छोटा पडदा होता. त्यावर तिच्या स्वतःच्या श्वासाची हिरवी रेघ दिसायची, म्हणजे बाईला किती भरायचा ते कळावं.

गुणगुण सुरू झाली.

आत आता तिचा आवाज धर म्हणत असेल. आई धरत असेल. सारिकेच्या मापाला जुळवलेली आई, सारिकेच्याच डाव्या बाजूसाठी. तिचा आवाज सोड म्हणेल आणि आई सोडेल. आणि मग लगेच पहिला दिवस. हे सगळं सारिका मेल्यावरही होत राहील, दोघींचं, मिरजेत आणि मुंबईत आणि कुठे कुठे, पोरींच्या, सुनांच्या, कोमलसारख्यांच्या आधी.

गुणगुण थांबली.

"श्वास घ्या, ताई," माइकवरून ओंकार म्हणाला. "भरून घ्या. धरा."

श्वास घ्यायच्या आधी सारिकेनं आवंढा गिळला. छतावरच्या रेघेला खळगा पडला. रेघ वर गेली आणि सपाट झाली. यंत्राचा हात तिच्याभोवती एक फेरा मारून जागेवर आला.

"झालं. सोडा."

तिनं सोडला नाही.

"ताई, फोटो झाला. सोडा श्वास."

तिला ऐकू येत होतं. शब्द कळत होता. पण ज्या आवाजात तो यायला हवा होता, त्या तरुण, घाईतल्या आवाजात तो आला नव्हता. आपण कुणाच्या आवाजाची वाट बघतोय हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा छतावरची रेघ थरथरायला लागली होती.